कुंपणातली खिडकी

१

रविवारी सकाळी सातला आम्ही बागेत पोचलो, तेव्हा घरट्यात दोनाच्या जागी एकच पिल्लू होतं. आणि मुख्य म्हणजे पायवाटेवर नुसतं उकिडवं बसताच ते आम्हाला दिसलं. दिसायला नको होतं.

बागेच्या मागच्या कडेला माणसाच्या उंचीचं, झुडपांचं दाट कुंपण आहे. त्याच्या पलीकडे दोन हातांवर एक बुटकं झाड आणि त्याच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं. पंधरा दिवस आम्ही ते पाहत होतो, पण कसं? पानं हलक्या हातानं बाजूला सारायची, श्वास रोखायचा, एक नजर टाकायची, की सोडली पानं. आता कुंपणाला चक्क भोक पडलं होतं, ताटाएवढं. सकाळचं आडवं ऊन त्यातून थेट घरट्यावर पडलं होतं आणि उरलेलं पिल्लू चोच वासून धापा टाकत होतं. वरच्या फांदीवर एक कावळा बसला होता, जेवून तृप्त झालेल्या पाहुण्यासारखा.

"स्कार्फ दे तुझा," फोटोकाकू मला म्हणाल्या. माझा हिरवा स्कार्फ त्यांनी त्या भोकावर पसरला, चार काट्यांना अडकवला आणि सगळ्यांना दहा पावलं मागे नेलं. "आधी त्याची आई परत येऊ दे. मग आपण बोलू."

फोटोकाकूंनी तीस वर्षं स्टुडिओ चालवला. अर्ध्या गावाला त्यांनी "हनुवटी खाली, मान थोडी डावीकडे" असं म्हटलेलं आहे. फोन आले, स्टुडिओ बसला, आणि काकू उठून बाहेर आल्या. आता दर रविवारी बागेत आमच्यासारख्या नवशिक्यांना उघड्यावरची फोटोग्राफी शिकवतात. आम्ही चौघं. निवृत्त स्टेशनमास्तर, ज्यांच्याकडे बंदुकीएवढी लेन्स आहे. दातांचे डॉक्टर, ज्यांना मुंगीच्या मिशा टिपायचा नाद आहे. निवृत्त नर्सताई, ज्यांना झाडं, ढग, तळं, म्हणजे एकूण सगळंच आवडतं. आणि मी. माझ्याकडे फोन आहे आणि दीड वर्षाची ढमी आहे. ढमीचे माझ्याकडे चारशे फोटो आहेत आणि त्यातल्या साडेतीनशेंत ती धुरासारखी दिसते. "तुझी मुलगी धावतेय आणि तुझा फोन डुलकी काढतोय," असं काकू म्हणाल्या होत्या. आता मी शटरचा वेग वाढवायला शिकलेय.

बुलबुलीण परतली. आम्ही सुस्कारा सोडतोय तोच बागेचे साहेब आले. त्यांच्या मागे माळीमामा, मान खाली घालून.

साहेबांनी स्कार्फचं टोक उचलून पाहिलं. मग कुंपणाच्या कडेला अडकवलेली लाल मुठीची कात्री काढली.

"ही कुणाची?"

"माझी," माळीमामा म्हणाले.

"मग आणखी काय विचारायचं? मागच्या महिन्यात लेखी ताकीद दिली होती तुम्हाला. पिल्लं उडेपर्यंत कुंपणाला कात्री लावायची नाही."

"मी नाही कापलं, साहेब."

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

माळीमामांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकालगत त्यांची दीड खोली आहे, नोकरीबरोबर मिळालेली. तिथं त्यांची मुलगी आणि तिचं बारा दिवसांचं बाळ. मामांनी तिकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"उद्या दुपारी बारापर्यंत खोली रिकामी करा," साहेब म्हणाले.

"आणि आमच्यापैकी कुणी केलं असेल तर?" काकूंनी विचारलं.

"तर तुमचा वर्ग बंद. कॅमेरा घेऊन बागेत पाऊल टाकायचं नाही. पण नुसतं वाटतं म्हणून चालणार नाही, काकू. मला दाखवावं लागेल."

"एकोणतीस तास आहेत," काकू घड्याळाकडे पाहत म्हणाल्या. "तेवढ्यात एक फोटो धुऊन, वाळवून, चौकटीत बसवून देत असे मी."

२

साहेब गेल्यावर काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि भोकाच्या कडेची कापलेली टोकं एकेक करून बघितली.

"मामा, तुमची कात्री घ्या आणि या बाजूच्या झुडपाची एक डहाळी कापा. रोज कापता तशीच."

माळीमामांना कळेना, पण त्यांनी कापली. खट्! एकच घाव, तिरपा, आणि काप आरशासारखा गुळगुळीत.

"इथंच का कापलीत?"

"डोळ्याच्या वर कापायचं असतं," मामांनी पानाच्या बगलेतला बारीक कोंब दाखवला. "म्हणजे तिथून नवी फूट येते. डोळा सोडून मध्येच कापलं तर उरलेलं थोटूक वाळून जातं."

"आता हे बघा."

आम्ही वाकलो. भोकाच्या कडेची टोकं चेंगरलेली होती. तंतू निघालेले, दोन-दोन तीन-तीनदा दाबून कापल्यासारखे. आणि सगळे काप मध्येच, कुठल्याही डोळ्याची पर्वा न करता.

"उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"लहान कातरीनं. ज्या हाताला फांद्यांची सवय नाही अशा हातानं. मामा, तुम्ही कापता ते उचलता कधी?"

"सोमवारी आणि गुरुवारी गाडी येते. तोवर तिथंच पडलेलं असतं."

काकूंनी जमिनीकडे बोट केलं. भोकाखाली एकही डहाळी नव्हती. एक पान नव्हतं. कुणीतरी वेचून, झाडून, स्वच्छ करून गेलं होतं.

"कापणाऱ्याला कापायचं माहीत नाही, पण मागचं आवरायचं मात्र माहीत आहे," काकू हळूच म्हणाल्या. "मामा, तुम्ही घरी जा. बाळाला बघा."

मामा दोन पावलं गेले आणि वळले. "काकू, सामान बांधायला घेऊ ना?"

नर्सताई दुखऱ्या गुडघ्यांसाठी आणलेल्या घडीच्या स्टुलावर, कॅमेऱ्याची बंद पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"थांबा थोडं," काकू म्हणाल्या. आणि मामा लांब गेल्यावर आमच्याकडे वळल्या. "हे माळ्यानं केलेलं नाही. या कोपऱ्यात घरटं आहे हे फक्त आपल्याला माहीत होतं. आपल्यापैकी कुणीतरी केलंय."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"कुणीतरी कशाला?" डॉक्टर खिशातून फोन काढत म्हणाले. "मला नाव ठाऊक आहे. पुरावा आपल्या सगळ्यांच्याच फोनमध्ये आहे."

३

तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळी आला होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या होत्या. बुलबुलाची दोन पिल्लं, चोची आभाळाकडे, घशातला लाल रंगसुद्धा लख्ख. पाठवणारे स्टेशनमास्तर.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "मध्ये एक तरी पान दिसतंय? आम्ही पानं सारून सारून थकलो, आमच्या फोटोत अर्ध्या घरट्यावर पानांचा पडदा. आणि यांच्या फोटोत मैदान साफ! कधी काढलात, मास्तर?"

मास्तरांनी वही उघडली. त्यांच्या वहीत प्रत्येक फोटोची वेळ असते, गाडी सुटल्यासारखी. "गुरुवार. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं."

"म्हणजे गुरुवारीच पानं छाटली होती."

"अहो, मी पानाला हात लावलेला नाही!"

"मग पानं काय सिग्नल मिळाल्यावर बाजूला झाली?"

मास्तरांचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षं ज्या माणसानं कधी लाल दिवा ओलांडू दिला नाही, तो वहीतल्या त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा बोट आपटत होता. "मी लेन्स पानांना टेकवली होती. अगदी चिकटवून. मधून घरटं दिसलं, मी काढला. कसं आलं ते मलाच माहीत नाही. मला वाटलं, नशीब."

"नशीब नव्हे," काकू म्हणाल्या. "इकडे ये गं तू. मास्तर, कॅमेरा द्या."

त्यांनी मला दूरच्या बाकाच्या पाठीवर लेन्स रोखायला लावली. मग एक पान तोडून माझ्या लेन्सच्या अगदी पुढ्यात धरलं.

"लेन्सच्या आत एक छिद्र असतं. डोळ्यातल्या बाहुलीसारखं. अंधारात बाहुली मोठी होते ना, तसं तेही लहानमोठं करता येतं. त्यालाच अ‍ॅपर्चर म्हणतात. आता मी ते सगळ्यात मोठं केलंय. बाक दिसतोय?"

"दिसतोय."

"आणि पान?"

मी डोळा बारीक केला. पान गायब होतं. खरंच गायब. माझ्या समोर काकूंचा हात होता, हातात पान होतं, आणि कॅमेऱ्यात फक्त बाक होता. बाकाच्या एका कोपऱ्यावर हिरवी वाफ धरल्यासारखी दिसत होती, एवढंच.

"छिद्र मोठं आणि पान लेन्सला चिकटलेलं असलं, की पान विरघळतं," काकू म्हणाल्या. "आता हेच छिद्र मी बारीक करते."

पान परत आलं. काळपट, कडक, अर्ध्या बाकावर.

डॉक्टरांनी फोनवरचा मास्तरांचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. खालच्या कोपऱ्यात तीच हिरवी वाफ होती. पानं तिथंच होती. मास्तरांनी त्यांच्यातून आरपार पाहिलं होतं.

"मास्तर," डॉक्टर कान पकडत म्हणाले, "भूल न देताच तुमचा दात उपटला मी. माफ करा."

"चालायचंच," मास्तर म्हणाले आणि टोपी काढून घाम पुसला. "पण चांगलाच दुखला."

आम्ही हसलो. काकू मात्र हसल्या नाहीत.

"आता खरं सांगा. हा फोटो पाहून कुणाकुणाला वाटलं, की मध्ये पानं नव्हतीच?"

डॉक्टरांनी हात वर केला. मी केला. सगळ्यात शेवटी नर्सताईंनी केला, खांद्यापर्यंतच.

"शुक्रवारी संध्याकाळी फोटो आला. शनिवारी कुणीतरी ठरवलं, की असा फोटो हवा तर पानं काढावी लागतात." काकूंनी कॅमेरा मास्तरांना परत दिला. "अ‍ॅपर्चरचा धडा मी आज घेणार होते. मागच्या रविवारीच घ्यायचा, पण आभाळात ढग छान होते म्हणून ढगांचे फोटो काढत बसलो. एक आठवडा उशीर झाला माझा. एक पिल्लू गेलं आणि एका माणसाचं घर जातंय."

वर्ग तिथंच संपला. सगळे निघाले तेव्हा काकूंनी माझा दंड धरला.

"तू थांब. तुझ्याबद्दलच मला शंका आहे."

४

घरी ढमी सासूबाईंच्या केसांत भात कालवत असणार, आणि इथं माझ्यावर हे!

"घाबरू नकोस. ये इकडे." काकूंनी मला पायवाटेवर, भोकापासून तीन पावलं मागे उभं केलं आणि स्कार्फ क्षणभर बाजूला धरला. "काय दिसतं?"

"झाडाचं खोड. मुळाजवळची माती."

"घरटं?"

"नाही."

"आता आडवी हो. पोटावर. डॉक्टर मुंग्यांसाठी होतात तशी."

ओल्या गवतात मी आडवी झाले. भोकातून वरच्या फांद्या दिसल्या आणि आभाळ. घरटं नाहीच.

"आता गुडघ्यांवर ये. ढमीचे फोटो काढतेस तशी."

मी गुडघ्यांवर आले. घरटं भोकाच्या वरच्या काठाआडून अर्धंच दिसत होतं. मी नकळत टाचांवर थोडी खाली बसले, आणि घरटं चौकटीच्या मधोमध येऊन बसलं. घराच्या खिडकीतून शेजारणीचं बाळ दिसावं तसं.

"भोक सरळ नाहीये," काकू म्हणाल्या. "बाहेरून खाली आणि आत वर, असं तिरकं. कापणाऱ्यानं आधी कॅमेरा मांडला, मग त्यात बघून जे जे आड येतं ते ते कापलं. म्हणून ही खिडकी फक्त एकाच उंचीवरून उघडते. फोटो काढणाऱ्या प्रत्येकाची एक उंची असते, बाई. मास्तर कधी वाकत नाहीत, त्यांच्या कमरेला पट्टा आहे. डॉक्टर लोळतात. आणि तू गुडघ्यांवर येतेस, कारण तुझं जग सध्या अडीच फुटांचं आहे."

"पण काकू, मी नाही—"

"माहीत आहे. तुझ्याकडे फोन आहे. फोनवालीला तीन पावलांवरून काय दिसणार? तू कुंपणात हात घालून काढले असतेस. ही खिडकी झूम असलेल्या कॅमेऱ्याची आहे, स्टँडवर ठेवलेल्या. आणि गुडघ्यांवर आलेल्या माणसाहूनही जराशा खालच्या उंचीची. म्हणजे…"

काकूंनी वाक्य तिथंच सोडलं. मला आठवलं घडीचं स्टूल आणि त्यापुढचा बुटका स्टँड. दुखरे गुडघे. जखम बांधून झाल्यावर कापसाचा बोळासुद्धा मागे न ठेवणारे हात. आणि आज सकाळभर मांडीवर तशीच बंद राहिलेली कॅमेऱ्याची पिशवी.

"नाही हो!" मी म्हटलं. "ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची बाळं हातात झेलली, ती पिल्लांचं घरटं उघडं टाकेल?"

"तेच मला कळत नाहीये," काकू म्हणाल्या. "चल, विचारू."

५

नर्सताईंनी दार उघडलं आणि आम्हाला पाहून त्या नुसत्याच बाजूला झाल्या. का आलात, हे त्यांनी विचारलं नाही.

आतल्या खोलीत खिडकीला लागून पलंग होता. पलंगावर त्यांचे यजमान. आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलेला माणूस, दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलं आणि तेव्हापासून छत बघतोय. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही. पण पलंगालगतच्या भिंतीवर, निजलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, फोटोच फोटो चिकटवले होते. ढग. तळं. बाक. पायवाटेवरची एकटीच चप्पल. आणि खालच्या ओळीत बुलबुलाचं घरटं: तीन अंडी, दोन पिल्लं, पिसं फुटलेली पिल्लं. सगळ्यांवर पानांचा पडदा.

शेवटच्यावर मात्र नव्हता.

"बसा, बसा!" टपालकाका म्हणाले. त्यांचे शब्द जरा ओढत येत. "कालचा पाहिलात का? हिनं काय काढलाय! दोघंही कशी भांडतायत बघा. हा डावीकडचा दांडगा आहे. मी त्याला पोस्टमास्तर म्हणतो."

काकू वाकल्या. मीही. दोन्ही पिल्लं स्पष्ट. घरट्याच्या काड्या स्पष्ट. मागच्या झाडाच्या सालीवरच्या रेघा स्पष्ट, त्याच्याही मागचं पान न् पान मोजता येईल इतकं स्पष्ट. कुठंही हिरवी वाफ नाही.

"छिद्र किती ठेवलं होतंत, ताई?" काकूंनी मऊ आवाजात विचारलं.

"अकरा. तुम्हीच सांगितलं होतं पहिल्या दिवशी. अकरावर ठेवा, पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येईल. मी ते कधी हलवलंच नाही." नर्सताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस आपण होऊन बदलायचा नसतो ना."

"अकराच्या बारीक छिद्रात पानं विरघळत नाहीत, ताई. पुढची असली तर तीही स्पष्टच येतात. या फोटोत पानं नाहीत, कारण ती खरंच नव्हती."

मग नर्सताईंनी टेबलाचा खण ओढून एक छोटी कातर काढली आणि काकूंच्या हातात दिली. मलमपट्टी कापायची, गोल टोकाची.

"शनिवारी पाचच्या सुमारास. माळ्याची कात्री तिथंच अडकवलेली होती, पण दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात कसा लावू? मास्तरांचा फोटो आल्यापासून हे मला सारखं विचारत होते, तुझ्या फोटोत पानं का येतात? तोंडं नीट दिसत नाहीत गं. मला वाटलं, चार डहाळ्या. वारासुद्धा लागेल बिचाऱ्यांना. कावळा माझ्या डोक्यातच आला नाही. ऊन आलं नाही. इतकी वर्षं बाळंतिणीच्या खोलीचा पडदा ओढत आले मी, आणि इथं स्वतःच्या हातानं उघडा टाकला."

"सकाळी बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज मला वाटला त्याहून तिखट निघाला.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "साहेब म्हणाले, वर्ग बंद. वर्ग बंद झाला तर ही भिंत इथंच थांबेल. मी मनात म्हणत होते, काकू म्हणाल्या ना माळ्यानं केलं नाही, मग त्याला सोडतील. मी आपली वाट बघत बसले. लाज वाटते सांगायला."

"काय चाललंय?" टपालकाकांनी विचारलं. "पिल्लांचं काय?"

नर्सताई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. पोस्टमास्तर गेला. दुसरा आहे. माळ्याची खोली उद्या जाणार.

टपालकाकांनी धड असलेला हात उचलून त्या शेवटच्या फोटोतल्या पोस्टमास्तरवर बोट ठेवलं. मला वाटलं, ते रडणार.

"माळ्याच्या घरात बारा दिवसांचं मूल आहे म्हणतेस," ते शेवटी म्हणाले, "मग तू अजून इथं कशाला बसलीयेस?"

६

साहेबांचं ऑफिस सोमवारी नऊला उघडतं. आम्ही पावणेनऊलाच दाराशी होतो: काकू, नर्सताई आणि कडेवर ढमीला घेतलेली मी, कारण सासूबाईंनी सोमवारी संप पुकारला होता. फाटकावरून येताना माळीमामांच्या ओट्यावर दोन गाठोडी आणि एक ट्रंक बांधून ठेवलेली दिसली.

नर्सताईंनी कातर टेबलावर ठेवली, फोटो ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. काकूंनी चेंगरलेले काप दाखवायला एक डहाळी आणली होती, तिची गरज पडली नाही.

साहेबांनी माळीमामांना बोलावून घेतलं.

"खोली सोडायची नाही. ते पत्र मी परत घेतो," ते म्हणाले. "पण एक सांगा. कात्री तिथं टाकून शनिवारी संध्याकाळी तुम्ही गेला होता कुठं? काल विचारलं तेव्हाच तोंड उघडलं असतंत तर ही वेळ आली नसती."

मामांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी पळालो होतो, साहेब. कामाची वेळ होती. न विचारता गेलो. बाळ दूध ओढत नाही. ओढतं आणि सोडतं, आणि रडून रडून निळं होतं. पोरीनं हाक मारली आणि मी हातातलं तिथंच टाकून गेलो. कामावरून पळाला म्हणून काढलं असतंत, त्यापेक्षा म्हटलं पानं कापली म्हणून काढा. दोन्हीकडून जायचंच होतं."

साहेबांनी समोरचा कागद उगाच सरळ केला.

"आता कसं आहे बाळ?"

"तसंच आहे."

"त्यासाठी हाक मारून जायचं मला. राक्षस आहे का मी?" साहेब जरा ओरडलेच, आणि मग काकूंकडे वळले. "वर्ग मात्र बंद. सगळी घरटी रिकामी होईपर्यंत. शब्द दिला होता मी."

"कबूल," काकू म्हणाल्या. "तोवर मी त्यांना रस्त्यावरच्या सावल्या शिकवते. सावल्यांना कावळे खात नाहीत."

बाहेर आल्यावर नर्सताई माळीमामांसमोर उभ्या राहिल्या. हात जोडायला उचलले, पण ते अर्ध्यातच थांबले, कारण मामाच बोलायला लागले.

"ताई, मी या कामाला लागलो ना, तेव्हा पहिल्याच वर्षी घरट्यासकट फांदी छाटली होती. चार अंडी होती. फांदी गाडीत टाकली आणि गप्प बसलो. बावीस वर्षं झाली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

"मग मला का सांगताय?"

"तुम्हाला झोप लागली नसेल म्हणून."

नर्सताईंनी डोळे पुसले. आणि मग, डोळे पुसता पुसताच, त्यांचा आवाज बदलला. वॉर्डातल्या सिस्टरचा झाला. "बाळ ओढतं आणि सोडतं म्हणालात? जीभ वर उचलतं का रडताना? बघितलंय कुणी?"

"नाही बुवा."

"चला."

दीड खोलीत सगळं सामान बांधलेलं होतं, त्यामुळे बसायला फक्त चटई उरली होती. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिच्या चेहऱ्यावर मला माझाच दीड वर्षापूर्वीचा चेहरा दिसला: आपल्याला काहीच येत नाही, आणि ते सगळ्या जगाला कळलंय. बाळ हुंदके देत होतं.

नर्सताई गुडघे दुखत असतानाही खाली बसल्या. हात धुऊन त्यांनी बाळाच्या ओठांवरून बोट फिरवलं, तोंडात पाहिलं. "जीभ ठीक आहे. तुझ्यातही काही कमी नाही, पोरी. फक्त तू त्याच्याकडे वाकतेस. तू वाकू नकोस, त्याला वर घे. पोटाला पोट. नाक इथं. हां. आता थांब. तोंड मोठं उघडू दे… आणखी मोठं… आता!"

बाळ एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांब गं, कुठं पळतंय दूध," नर्सताई म्हणाल्या आणि बाळाची मान आपल्या तळहातावर तोलून धरली.

तिसऱ्यांदा ते लागलं. रडणं मध्येच तुटलं. खोलीत एवढी शांतता झाली, की माझ्या कडेवरची ढमीसुद्धा बोट तोंडात घालून बघत राहिली. मग ऐकू आला तो घोट. एक. मग दुसरा. मग लागोपाठ.

"चावतंय," मुलगी रडत हसत म्हणाली.

"चावू दे. जगायची घाई झालीये त्याला."

काकूंच्या गळ्यात कॅमेरा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, लेन्सवर झाकण चढवलं आणि मला घेऊन दाराबाहेर आल्या.

ओट्यावर माळीमामा गाठोड्याशी बसले होते. गाठ फार घट्ट मारली होती त्यांनी. नखांनी निघेना, दातांनी निघेना. आतून घोटांचा आवाज येत होता, आणि ते घाई न करता ती गाठ सोडवत होते.